दशमान ठोकळ्यांचा संच: तिसरीत घ्या, पहिलीत नको

जळगाव-धुळ्याच्या स्टेशनरीच्या दुकानांत आणि ऑनलाइनही हा संच सहज मिळतो. नेहमीच्या पेटीत १२१ नग असतात: १ सेंटिमीटरचे १०० सुटे घन, १० दांडे, १० पाट्या आणि हजाराचा एक मोठा ठोकळा. दहा घन म्हणजे एक दांडा, दहा दांडे म्हणजे एक पाटी. हातच्याची बेरीज आणि वजाबाकी समजावून द्यायला घरी ठेवण्यासारखी याहून चांगली वस्तू क्वचितच असेल. पण पहिलीतल्या मुलाला हा संच देऊ नका.

दांडा सुटा करता येत नाही, हे त्याचं कारण. लहान मुलाच्या नजरेला तो एकसंध एकच तुकडा दिसतो, म्हणून ते दांड्याला ‘एक’ म्हणतं. त्यात काही चूक नाही. आधी तुराटीच्या किंवा खराट्याच्या बोटभर काड्या घ्या. मूल स्वतः दहा मोजेल, रबर लावेल, लागला तर गठ्ठा पुन्हा सोडेल. काही घरांत दशक शिकवायला केळीची फणी वापरतात, ते टाळा. फणीत केळी कधी चौदा, कधी अठरा. दशकात मात्र नेमके दहाच लागतात. गठ्ठा बांधणं-सोडणं अंगवळणी पडलं, की दुसरीच्या शेवटी किंवा तिसरीत ठोकळे आणावेत.

दुकानात पेटी उघडून पाहा. दहा सुटे घन एका ओळीत लावा आणि शेजारी दांडा ठेवा. स्वस्त संचांत ओळ दांड्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब भरते. मोठ्यांना तेवढं चालतं, पण मूल नेमकं तेच पाहतं आणि ‘हे सारखं नाही’ म्हणतं. दांड्यावर आणि पाटीवर चौकटींच्या खाचा स्पष्ट हव्यात. सगळे नग एकाच रंगाचे असलेले उत्तम. घन पिवळे आणि दांडे हिरवे असले, की मूल आकार न पाहता रंग पाठ करतं. फोमचे तुकडे दाबले जाऊन कडा झिजतात, प्लास्टिक बरं. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर सुटे घन उंचावर ठेवा, ते घशात अडकू शकतात.

संचातली खरी खोट वापरताना कळते: दांडे कमी पडतात. ४५६ + ३७८ मांडा. पाच आणि सात मिळून बारा दांडे लागतात, पेटीत दहाच. हातचा आला की तेरावा लागतो. २३ × १४ हे २३ लांब आणि १४ रुंद अशा आयतात मांडलं, तर दोन पाट्या आणि बारा घनांबरोबर अकरा दांडे हवेत. उपाय सोपा आहे. सेंटिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद पुठ्ठ्यावर चिकटवा आणि १० × १ सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या कापा.

आता वापर. अर्ध्या कार्डशीटवर श, द, ए असे तीन रकाने आखा. ५०२ − २३७ घ्या. पाच पाट्या, दांडा एकही नाही, दोन घन. दोनातून सात जात नाहीत आणि दशकाचा रकाना रिकामा आहे. बहुतेक मुलं इथेच अडकतात. एक पाटी देऊन दहा दांडे घ्या, त्यातला एक देऊन दहा घन घ्या. उरलं काय? चार पाट्या, नऊ दांडे, बारा घन. २३७ काढले की २६५. शून्याच्या डोक्यावर नऊ कुठून आला, ते मुलाला डोळ्यांनी दिसतं. अदलाबदल मात्र मुलानेच करायची आणि प्रत्येक वेळी लगेच वहीत लिहायची. आईवडिलांनी ठोकळे हलवले आणि मूल नुसतं बघत बसलं, तर पेटीचे पैसे वाया गेले. रोज पंधरा मिनिटं, दोन उदाहरणं, एवढं पुष्कळ.

मराठी घरांत या संचाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो पेटीतल्या इंग्रजी माहितीपत्रकात सापडणार नाही. ‘सदतीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७३ लिहितं. हा निष्काळजीपणा नाही, शब्दाची घडणच तशी आहे. याच अडचणीसाठी बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आणली आणि त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात कुठलीही बाजू घ्या, घरी करायचं एकच: डावीकडे तीन दांडे, उजवीकडे सात घन, ‘तीस आणि सात, सदतीस’ असं बोट ठेवून म्हणायचं. एकोणचाळीससाठी चार दांडे मांडा आणि शेवटच्या दांड्याची एक चौकट बोटाने झाका. एकोण म्हणजे एक उणा, हे तिथेच कळतं. नव्याण्णव या चालीत बसत नाही, ते वेगळं सांगा.

कापूस विकणाऱ्या घरांत क्विंटल-किलो रोज कानावर पडतात. पाटीला क्विंटल म्हणा, घनाला किलो. ३ क्विंटल ५ किलो म्हणजे किती किलो, असं विचारलं की पुष्कळ मुलं ३५ लिहितात. तीन पाट्या आणि पाच घन मांडले की मधला रकाना रिकामा दिसतो आणि ३०५ मधलं शून्य कळतं. शाळा फार न शिकलेल्या आईवडिलांनाही हे उत्तम जमतं, कारण तो हिशेब त्यांच्या रोजच्या बोलण्यातलाच आहे.

पाचवी-सहावीत पेटी पुन्हा बाहेर काढा. आता पाटी म्हणजे १, दांडा ०.१, घन ०.०१. ‘४ पेक्षा ३५ मोठे, म्हणून ०.४ पेक्षा ०.३५ मोठे’ म्हणणाऱ्या मुलापुढे चार दांडे ठेवा, शेजारी तीन दांडे आणि पाच घन. हजाराच्या ठोकळ्याचं काम फार थोडं; ऑनलाइन सुटे नग मिळत असतील तर तो वगळून त्याऐवजी वीस दांडे मागवा.