जुनी एमएक्स-५ विकून नवी घ्यावी का? काही महिने दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

उत्तर आधीच देऊन टाकतो: रस्त्यावर नवी गाडी जुनीची जागा घेते, गॅरेजमध्ये घेत नाही. एमएक्स-५ ही माझदाची दोन आसनी, उघडणाऱ्या छताची छोटी स्पोर्ट्स कार. जुनी म्हणजे १९८९ साली आलेली पहिल्या पिढीची एनए, १.६ लिटर इंजिन आणि पाच गिअरवाली. नवी म्हणजे चौथ्या पिढीची एनडी, २ लिटरची, २०१९ च्या सुधारणेनंतरची.

आकाराची भीती मनातून काढून टाका. एनडी ३,९१५ मिलिमीटर लांब, म्हणजे जुनीपेक्षा थोडी आखूडच. वजन शंभरेक किलो जास्त, पण ताकद १८४ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), जुनीची ११५ च्या आसपास. २०१९ पासून रेडलाइन (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची कमाल मर्यादा) ६,८०० वरून ७,५०० आरपीएमवर गेली, त्यामुळे इंजिन ऐन रंगात येताच गिअर टाकावा लागायचा, ती चिडचिड संपली. लांबच्या प्रवासात फरक सगळ्यात जास्त जाणवतो. जुनीच्या पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८१४ आणि डिफरन्शियलचं (गिअरबॉक्सनंतर चाकांना ताकद वाटणाऱ्या संचाचं) ४.३, त्यामुळे ताशी १०० ला इंजिन साधारण ३,२५० वर फिरतं. एनडीचा सहावा थेट १:१ आणि डिफरन्शियल २.८६६, त्याच वेगाला २,५०० सुद्धा होत नाहीत. दोन तासांनी कान दुखत नाहीत, हे कागदावर क्षुल्लक वाटतं, प्रत्यक्षात नाही.

मात्र स्टिअरिंगवर जुनी सरळसरळ जिंकते. एनडीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग नेमकं आहे, पण मध्यावर हलकं आणि मुकं. त्यातला बराचसा दोष अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांच्या जुळणीचा) असतो, हे मात्र लोक विसरतात. कंपनीच्या मर्यादा इतक्या सैल आहेत की दोन गाड्या ‘बरोबर’ असूनही वेगळ्या वागतात. पुढे कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) दोन्ही बाजूंना सारखा, उणे १.३ ते १.५ अंश, कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे कल) दोन्हीकडे सारखा ठेवून जमेल तितका जास्त, पुढचा टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) शून्याजवळ. मागे कॅम्बर पुढच्यापेक्षा किंचित जास्त आणि थोडा टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत). माप घेताना चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकं ओझं ठेवायला सांगा; एवढ्या हलक्या गाडीत तेवढ्यानेही आकडे सरकतात. एवढं केल्यावर वळणात शिरताना नाक लगेच वळतं. अंग झुकणं मात्र राहतंच, कारण स्प्रिंगच मऊ आहेत. २०२२ पासून वळणात आतल्या मागच्या चाकाला हलका ब्रेक लावणारी यंत्रणा आली. त्याने गाडीची मागची बाजू कमी उचलते.

छताबाबत तुलनाच नको. एनडीचं छत बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतं. जुनीत दोन खटके सोडायचे, मग मागच्या प्लॅस्टिक खिडकीची चेन उघडून ती सपाट निजवायची. ही पायरी गाळली की खिडकीला घडी पडते आणि थंडीत तिथेच तडा जातो. त्याहून महत्त्वाचा पाण्याचा निचरा. छतावरचं पाणी दरवाज्यामागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी तुंबल्या की पाणी सिलमध्ये (दरवाज्याखालच्या पोकळ पट्टीत) साचतं आणि पत्रा आतून सडतो. मागच्या चाकापुढचा रंग फुगलेला दिसेपर्यंत आतलं काम आटोपलेलं असतं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतून पाहा, लगेच गाडीखाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी फिरवा. हवेचा दाब मारू नका, नळी जागेवरून निसटते. एनडीचा निचराही अधूनमधून तपासावाच.

आता गॅरेज. जुनीचं दुखणं दिसतं आणि हाताने बरं होतं. गिअरबॉक्सच्या बेलवर (इंजिनाला जोडणाऱ्या रुंद भागावर) तेल दिसलं की बरेच जण क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलं असं समजून गिअरबॉक्स उतरवतात. आधी सिलिंडर हेडच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला असलेला कॅम अँगल सेन्सर पाहा. त्याची ओ-रिंग (रबरी कडी) कडक होते आणि तेल तिथून खाली उतरतं. सेन्सरची जागा खुणेने नोंदवा, एक बोल्ट सोडा, रिंग बदला, खुणेवर परत बसवा. मग डायग्नोसिस बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी ही टोकं जोडून टायमिंग लाइटने ठिणगीची वेळ १० अंशांवर जुळवा, आयडल ८५० च्या आसपास. टायमिंग पट्टा एक लाख किलोमीटरला बदलायचा, या १.६ मध्ये तो तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत. खरी काळजी सुरुवातीच्या गाड्यांतल्या आखूड नाकाच्या (पुलीकडचं टोक आखूड असलेल्या) क्रँकची. पुलीच्या मधल्या भागावर आठऐवजी चार खाचा दिसल्या तर बोल्ट आणि चावीची (पुली क्रँकवर घट्ट धरणाऱ्या पाचरीची) खाच तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. बॅटरी डिकीत असते. वायू बाहेर नेणारी नळी नसलेली साधी बॅटरी बसवली की शेजारचा पत्रा गंजतो.

एनडीत असले उद्योग फारसे उरत नाहीत. पट्ट्याऐवजी साखळी, ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑईल, आणि बाकी बरंच काही स्कॅनरच्या हवाली. इंधन थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, काजळी हळूहळू धरते. नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. जी जुनी गाडी हात काळे करण्यासाठीच ठेवली होती, तिची भरपाई ही गाडी करणार नाही.

वापरलेली एनडी घेत असाल तर सुरुवातीच्या वर्षांच्या २ लिटरमध्ये गिअरबॉक्स कान देऊन ऐका. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचे दाते गेल्याच्या तक्रारी त्याच काळातल्या. चालकाची उंची जास्त असेल तर २०१९ नंतरचीच पाहा, कारण स्टिअरिंग जवळ-लांब करण्याची सोय तेव्हा आली. स्टिअरिंगच हवं असेल तर २०२४ ची, तिचा स्टिअरिंग रॅक (चाकं वळवणारा दांडा) कमी घर्षणाचा आहे. आणि जुनीत सगळ्यात जास्त आवडत होतं ते इंजिन पिळून काढणं असेल, तर २ लिटरच्या मागे न लागता १.५ चालवून पाहा: ताकद कमी, १६ इंची चाकं, आणि स्वभावाने जुनीच्या जास्त जवळची.