63 अँपिअरचा टू-पोल चेंजओव्हर: घरच्या जनरेटरला पुरेसा, पण न्यूट्रलकडे लक्ष हवं

घरच्या दोन-तीन केव्हीएच्या पेट्रोल जनरेटरसाठी दुकानात तीन प्रकारचे चेंजओव्हर (घर मेन लाईनवरून जनरेटरवर नेणारे स्विच) दाखवतात: लोखंडी पेटीतला जुना खटका, डीबीत (घरातल्या एमसीबींच्या पेटीत) बसणारा 1-0-2 (मेन-ऑफ-जनरेटर) मॉड्युलर आणि ऑटोमॅटिक. मधला घ्या. टू-पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा), 63 अँपिअर, मध्ये 'ऑफ' असलेला. बाकी दोन कुठे बसतात ते पुढे येतंच.

जनरेटर नऊ अँपिअरचा असताना 63 चा स्विच कशाला, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं आणि 25 चा घेऊन जातं. गफलत इथेच होते. लाईट असते तेव्हा गिझर, एसी, पंप असा घराचा सगळा लोड याच स्विचमधून जातो. जनरेटरची वेळ वर्षातून मोजके दिवस येते. म्हणून रेटिंग मेन स्विच बघून ठरवायचं, जनरेटर बघून नाही.

खोक्यावरच्या नावापेक्षा स्विचच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. आयएस/आयईसी 60947-3 हे मानक आणि त्यापुढे एसी-22ए किंवा एसी-23ए हवं. 22 म्हणजे मिश्र लोड, 23 म्हणजे मोटरचा लोड. एसी-20 लिहिलं असेल तर तो स्विच लोड बंद असतानाच फिरवायचा असतो. चालू लोडवर फिरवला की आत ठिणगी उडते, संपर्क काळे पडतात आणि टर्मिनल तापायला लागतात. हॅवेल्स, एचपीएल, सी अँड एस अशा कंपन्यांचे चेंजओव्हर महाराष्ट्रात सहज मिळतात. कुठलाही घ्या, पण बिल घ्या. हातात अगदी हलका लागणारा, टर्मिनलचा स्क्रू पत्र्यासारखा असलेला माल परत करा.

लोखंडी पेटीतला खटका स्वस्त आणि दणकट. पण किटकॅट फ्यूजवाला असेल तर फ्यूज उडाल्यावर अंधारात तार भरत बसावं लागतं. कोकणात दोन पावसाळ्यांत पाती गंजतात आणि हँडल अर्धवट अडकतं. बंदिस्त खोलीत, कोरड्या भागात चालून जाईल. ऑटोमॅटिक युनिट दोरी ओढून सुरू होणाऱ्या जनरेटरला निरर्थकच, कारण जनरेटर सुरू करायला माणूस जाणारच आहे. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत फ्लॅटबाहेर जे एसीसीएल (आपोआप जनरेटरवर नेणारं आणि लोडला मर्यादा घालणारं युनिट) असतं ते वेगळं. तिथे जनरेटर सोसायटीचा आणि प्रत्येक फ्लॅटला ठरलेला लोड. तो ओलांडला की सप्लाय तुटतो, काही सेकंदांनी परत येतो. स्वतंत्र घरात त्याचं काम नाही.

आता टू-पोलचा आग्रह कशासाठी. सिंगल-पोल स्विच फक्त फेज बदलतो. जनरेटरचा न्यूट्रल महावितरणच्या न्यूट्रलला कायमचा जोडलेला राहतो. बाहेर न्यूट्रल तुटला असेल तर त्याच्यावर काय व्होल्टेज चढेल याचा भरवसा नसतो. टू-पोलमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटतात आणि दोन सप्लाय एकमेकांना भेटत नाहीत. अर्थिंगची तार मात्र स्विचमधून न्यायची नाही, ती सरळ अखंड जाते.

दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर भिंतीच्या 16 अँपिअर सॉकेटमध्ये खुपसून घर चालू करणारे अजून आहेत. मेन खाली केला की झालं, असं त्यांना वाटतं. मेन विसरला तर 230 व्होल्ट डीपीत (गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) उलटे शिरतात. डीपी 11,000 चे 433 करते, तशीच 433 चे 11,000 ही करते. वायरमन डीओ (डीपीच्या 11,000 व्होल्टच्या बाजूचा फ्यूज) पाडून खालच्या बाजूला काम करत असेल तर त्याच्या हातासमोर दहा हजारांच्या आसपास व्होल्ट उभे राहतात. 'शेजाऱ्यांच्या लोडने जनरेटर बंदच पडेल' हा युक्तिवाद जंपर (लाईनचे तुकडे जोडणारी तार) तुटलेल्या लाईनवर खोटा ठरतो, तिथे लोडच नसतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, खांब आडवे झाले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी गावात जनरेटर आणि लाईनवर वायरमन, दोघेही एकाच दिवशी असतात. शेजारी-शेजारी दोन एमसीबी लावून 'एक वर, दुसरा खाली' हा जुगाडही मान्य नाही. दोघे एकदम वर होऊ शकतात.

जोडणीचा क्रम असा: मीटर, मेन, चेंजओव्हरची 1 बाजू, सामाईक आउटपुटवरून आरसीसीबी (गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) आणि डीबी, 2 बाजूला जनरेटर. सामाईक टर्मिनल वर की खाली हे कंपनीप्रमाणे बदलतं, बाजूला छापलेली आकृती बघितल्याशिवाय वायर सोलू नका. मेनची वायर आहे त्याच जाडीची ठेवा. मल्टिस्ट्रँडला (बारीक तारांच्या वायरला) लग, म्हणजे टोकाची धातूची टोपी, क्रिम्प करा, स्क्रू छापलेल्या टॉर्कला आवळा. जनरेटरकडून बाहेरच्या भिंतीवर निळा 16 अँपिअरचा इंडस्ट्रियल इनलेट, पिना भिंतीवरच्या भागात, आयपी44 (पाण्याचे शिंतोडे सोसणारा). तिथून 2.5 चौरस मिमी तांब्याची थ्री-कोर. 20 मीटरवर 10 अँपिअरला साडेतीन-पावणेचार व्होल्ट पडतात, चालतं.

जनरेटरच्या बाजूला एमसीबी बी-कर्व्हचा (कमी करंटला लगेच पडणारा) लावा, 2.1 केव्हीएला 10 अँपिअर. सी-कर्व्हला लगेच पडायला रेटिंगच्या पाच ते दहापट करंट लागतो. छोटा अल्टरनेटर (जनरेटरचा वीज तयार करणारा भाग) शॉर्टमध्ये तेवढा देतच नाही, व्होल्टेज कोसळतं आणि वायर तापत बसते.

काम झालं की सगळं बंद ठेवून मल्टिमीटरने कंटिन्युइटी (जोड असेल तर बीप येतो) तपासा. 1 वर मेन ते आउटपुट फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागले पाहिजेत. 0 वर काहीच नको. 2 वर जनरेटर ते आउटपुट. मेनच्या आणि जनरेटरच्या टर्मिनलमध्ये कुठल्याही स्थितीत बीप आला तर स्विच किंवा जोडणी चूक आहे. हे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या.

न्यूट्रलचा खरा घोळ यानंतर सुरू होतो. बऱ्याच पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. टेस्टर दोन्ही वायरींवर पेटतो आणि 'फॉल्ट आहे' म्हणून जनरेटर दुकानात परत जातो. फॉल्ट नसतो. पण अशा सप्लायवर आरसीसीबीला गळतीचा परतीचा रस्ताच नसतो, म्हणून तो पडणार नाही. त्याचं टेस्ट बटण मात्र व्यवस्थित पडतं, कारण ते अर्थिंगवर अवलंबून नसतं. त्या बटणावर विसंबू नका. जनरेटर बंद करून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थ पिनेत कंटिन्युइटी बघा. नसेल आणि मॅन्युअलमध्ये मनाई नसेल, तर इनलेटपाशी, चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या बाजूला, एकाच ठिकाणी न्यूट्रल-अर्थ जोड द्यावा लागतो. डीबीत हा जोड देऊ नका. दिला तर लाईट असतानाही घराचा न्यूट्रल करंट अर्थिंगमध्ये जाईल आणि आरसीसीबी सारखा पडत राहील.

लोडचं गणित लहान आहे. 2.1 केव्हीए म्हणजे 230 व्होल्टला 9.1 अँपिअर. पंखे, एलईडी, फ्रिज निघतात. एक एचपीचा पंप निघत नाही. चालताना तो 1,100 वॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट. गिझर तर विसराच. जनरेटर दोन-तीन मिनिटं तापवा, सगळे एमसीबी पाडून स्विच 2 वर टाका, मग फ्रिज आधी आणि बाकीचं एकेक करून. घरचा बॅटरी इन्व्हर्टर जनरेटरचा करंट ओळखत नसेल तर मागची कळ 'यूपीएस'वरून 'वाइड'कडे न्या.

छतावर ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाईनला जोडलेलं) सोलर असेल तर त्याची जोडणी चेंजओव्हरच्या आधी, मेनकडच्या बाजूलाच हवी. आउटपुटवर असेल तर सोलर इन्व्हर्टर जनरेटरलाच ग्रिड समजून त्यात वीज ढकलू शकतो. अल्टरनेटर आणि एव्हीआर (त्याचं व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) दोन्ही जातील.

थ्री-फेज घरात फोर-पोल घ्या. सिंगल-फेज जनरेटर तिन्ही फेजला लूप करता येतो, पण थ्री-फेज पंप त्यावर फिरणार नाही. जनरेटर मोठा असेल तर सगळा करंट एकाच न्यूट्रलमधून परत येतो, त्यामुळे आधी न्यूट्रलची जाडी बघा.