अर्ध्या दिवसात दक्षिण मुंबई: गाडीतून की पायी?

माझ्या मामांच्या मोबाइलमध्ये सीएसएमटीचा एक फोटो आहे. घुमट अर्धा आलाय, बाकी सगळी बेस्टची लाल बस आणि खाली गाडीच्या काचेची कड. इस्लामपूरहून खास मुंबई बघायला आलेल्या माणसाकडे त्या इमारतीचा एवढाच पुरावा आहे. ती फेरी मीच ठरवून दिली होती, त्यामुळे हे लिहिण्यात थोडं प्रायश्चित्तही आहे.

पाहुण्यांना दक्षिण मुंबई अर्ध्या दिवसात दाखवायची, आणि तीही पन्नास जणांच्या बसमधून नको, आपली आपण हवी, असं ठरलं की दोन रस्ते उरतात. एक म्हणजे ड्रायव्हरसकट खासगी गाडी, चार तास चाळीस किलोमीटरच्या पॅकेजवर 'सगळे पॉइंट' दाखवणारी. दुसरा म्हणजे फक्त तुमच्यापुरता बोलावलेला गाइड आणि सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत दोन-अडीच तासांची पायपीट. मी दोन्ही केलंय, दोन वेगळ्या पाहुण्यांबरोबर आणि स्वतःच्या खिशातून. दर काय ते कोणीही फोनवर सांगेल. फक्त गाडीवाल्याला टोल आणि पार्किंग धरलंय की वेगळं, आणि गाइडला पैसे माणशी की सगळ्यांचे मिळून, हे आधी विचारून ठेवा. चौघं असलो की दोन्ही खर्च फार लांब राहत नाहीत, निदान माझ्या वेळी राहिले नव्हते.

आधी गाडीबद्दल, कारण तिच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

आम्ही दादरहून निघालो. महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट, मग हाजी अली, पेडर रोडनं पुढे मणिभवन, वर मलबार हिलवर हँगिंग गार्डन आणि समोरचा म्हातारीचा बूट, खाली गिरगाव चौपाटी, मरीन ड्राइव्ह, गेटवे आणि शेवटी फोर्ट. यातलं अर्धंअधिक पायी एका सकाळी होणार नाही, कितीही जिद्द असली तरी. मामांचा उजवा गुडघा कुरकुरतो, मामींना ऊन सोसत नाही. गाडीत एसी होता, पाण्याच्या बाटल्या होत्या. शिवाय ड्रायव्हर निघाला कराडकडचा. पेडर रोड येईपर्यंत त्याचं आणि मामांचं उसाच्या दरावर एकमत झालं होतं आणि कारखान्याच्या राजकारणावर मतभेद. आजही मामांना विचारलंत तर ट्रिप झकास झाली म्हणतील, आणि ते खोटं बोलत नाहीत.

आता ज्या एका गोष्टीनं माझ्यापुरता निकाल लावला ती. गाडी थांबत नाही.

म्हणजे गाडी चालू असते तोवर सगळं छान. दक्षिण मुंबईत बघण्यासारखं जिथं आहे, नेमकं तिथं गाडी उभी करता येत नाही. ड्रायव्हर तुम्हाला सोडतो, म्हणतो, 'साहेब, दहा मिनिटांत या, मी एक वळसा मारून येतो.' तिथून पुढे बघण्याचं काम संपतं आणि गाडी गाठण्याचं काम सुरू होतं. मणिभवनात दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली आहे, गादी-चरख्यासह जपलेली. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत त्यांचा मुक्काम इथं असायचा. मामा त्या खोलीसमोर चप्पल नसलेल्या पायांनी अगदी शांत उभे होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. 'साहेब, मागं हवालदार आहे.'

गेटवेला कळस झाला. तपासणीची रांग पार करून आत जाण्यातच पंधरा मिनिटं गेली. मामींनी नुकतं कठड्याशी उभं राहून लाँचकडे बोट दाखवलं होतं, त्या कुठं जातात असं विचारलं होतं. फोन. 'निघा साहेब, रीगलपाशी येतोय, थांबता येणार नाही.' आम्ही निघालो, म्हणजे मी पुढे, मामा गुडघा सांभाळत मधे आणि मामी मागून. कोपऱ्यावर पोचतो तो आमची पांढरी गाडी आमच्याच डोळ्यांदेखत पुढे गेली. ड्रायव्हरनं काचेतून हात केला, मागून हॉर्न वाजत होते, त्याचाही इलाज नव्हता. पुढचा फेरा व्हायला तेरा मिनिटं लागली. ती तेरा मिनिटं आम्ही भर उन्हात एका बंद दुकानाच्या पायरीवर काढली. ज्या मामींना ऊन सोसत नाही म्हणून गाडी केली होती, त्या मामी.

सीएसएमटीला तर उतरणं झालंच नाही. सिग्नलला गाडी जेमतेम अर्धा मिनिट उभी राहिली, ड्रायव्हर म्हणाला, 'पटकन फोटो काढा,' मामांनी मोबाइल काढला आणि डावीकडून बस आली. घरी आल्यावर मी कॉल लॉग मोजला. साडेचार तासांत ड्रायव्हरचे आणि माझे मिळून चौदा फोन. पाहुण्यांना मुंबई दाखवायला गेलेला माणूस चौदा वेळा फोनवर होता.

ड्रायव्हरचा दोष नाही, हे परत सांगतो. एक गोष्ट सोडून. मधे त्यानं आम्हाला 'फक्त बघायला' म्हणून हस्तकलेच्या एका दुकानात नेलं, आणि तिथं दारापुढे गाडी लावायला मात्र व्यवस्थित जागा होती.

दुसऱ्या खेपेला पुण्याची आतेबहीण आली, तिचे यजमान आणि नववीतली मुलगी. या वेळी गाइड बोलावली, इतिहासात एमए केलेली एक मुलगी. रविवारी सकाळी सात वाजता पालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर भेटलो. समोर अख्खं सीएसएमटी, मधे बस नाही. तिथं आम्ही पाऊण तास होतो, आणि त्यातली निदान दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं, आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्सचा आणि आपल्या पाठीमागची पालिकेची इमारतही त्याचीच, हे तिनं सांगितलं. पण त्याआधी भाचीला विचारलं, 'फाटकाच्या खांबांवर कोण बसलंय?' एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. मग भाची भिंतींवर प्राणी शोधत सुटली. मोर सापडले, माकडं सापडली. हे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय हे कळल्यावर तिनं विचारलं, 'त्यांना याचे मार्क मिळाले असतील का?' याचं उत्तर गाइडकडेही नव्हतं.

पुढे दादाभाई नौरोजी रस्त्यानं कमानींखालून चालत गेलो. रोज हा रस्ता फेरीवाल्यांच्या आणि गर्दीच्या आड असतो, रविवारी सकाळी तो एकदम रुंद झालेला दिसतो. हुतात्मा चौकात आल्यावर गाइडनं मला विचारलं, 'काका, तुम्ही रोज कुठल्या स्टेशनवर उतरता?' म्हटलं, चर्चगेट. 'मग चर्च कुठंय आणि गेट कुठंय?'

बावीस वर्षं मी चर्चगेटला उतरतोय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गेट म्हणजे इंग्रजांच्या कोटाची वेस, आणि ती साधारण आत्ताच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी होती. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली, वेस गेली, १८६४ मध्ये तिथं कारंजं आलं. चर्च म्हणजे पुढचं सेंट थॉमस, १७१८ चं. त्याच्याकडे नेणारी वेस म्हणून चर्चगेट. वेस गेली, नाव मात्र पश्चिमेला सरकून स्टेशनाला चिकटलं. आमचे आजोबा फोर्टात जायचं असलं की 'कोटात जाऊन येतो' म्हणायचे. तो कोट मला त्या दिवशी, पन्नाशीत, पहिल्यांदा कळला. कारंज्याशेजारी हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. तिथं यजमानांनी टोपी काढली. गाडीतून हा चौक मी मामांना 'हे फ्लोरा फाउंटन' एवढ्या तीन शब्दांत दाखवला होता.

उरलेल्या वाटेचं भराभर सांगतो. हॉर्निमन सर्कल, एशियाटिक ग्रंथालयाच्या तीस पायऱ्या (भाचीनं मोजल्या), परत फिरून काळा घोडा. १९६५ मध्ये मूळ घोड्याचा पुतळा स्वारासकट, म्हणजे सातव्या एडवर्डसकट, राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये आलेला नवा घोडा स्वाराशिवाय आहे. मग गेटवे. राजा पाचवा जॉर्ज १९११ मध्ये येऊन गेला आणि कमान पुरी झाली १९२४ मध्ये, तोवर शेजारचं ताज उघडून वीसएक वर्षं झाली होती. तपासणीची रांग होतीच, पण पलीकडे कुणी वाट बघत नव्हतं. कठड्यावर हवा तेवढा वेळ टेकलो. फोन एकही आला नाही. म्हणजे एक आला, घरून, येताना दूध आणायला.

पायी फेरीत खटकलेलंही सांगायला हवं. गाइडचे काही विनोद पाठ केलेले असतात, ते कळतं. मराठीतून सांगणारं माणूस हवं असेल तर बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. मला तीन ठिकाणी विचारावं लागलं, आणि एकानं तर 'मराठी लोक असं फिरत नाहीत हो' असं सुनावलं. सीएसएमटीसमोर रस्ता ओलांडायचा तर भुयारी मार्गाच्या पायऱ्या आहेत, गुडघ्यांना ते आधी सांगून ठेवलेलं बरं. मलबार हिल, मणिभवन, हाजी अली या फेरीत नाहीतच. पाहुण्यांना 'किती ठिकाणं झाली' हा हिशोब महत्त्वाचा असेल, आणि काहींना असतो, त्यात वाईट काही नाही, तर पायी फेरी त्यांना अपुरी वाटेल. यजमानांनी संध्याकाळी एकदा विचारलंच, 'हँगिंग गार्डन राहिलं का मग?'

जुलैच्या पावसात मी कोणालाही पायी नेणार नाही. मे महिन्यात नेलं तर नऊच्या आत आटपेन. तान्हं मूल असेल, कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल, तर गाडीच. आणि गाडीच करायची असेल तर रात्रीची करा. रात्री मरीन ड्राइव्हचा राणीचा हार आणि रोषणाई केलेल्या इमारती चालत्या काचेतूनही चांगल्या दिसतात, उतरावंसं फार वाटत नाही, म्हणजे गाडी थांबली नाही तरी बिघडत नाही.

रविवार की आठवड्याचा वार, यावर माझंही मन पुरतं बसलेलं नाही. रविवारी रस्ते मोकळे मिळतात. पण कामाच्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला चर्चगेटबाहेर डबेवाले डबे लावताना दिसतात, ते रविवारी नाही. शाळेतली मुलं बरोबर असतील तर मी रविवार सोडेन आणि डबेवाले धरेन.

हल्ली विचारणाऱ्यांना मी असं सांगतो: सकाळी गाइडबरोबर पायी, साडेनऊपर्यंत गेटवे, मग एखाद्या इराण्याकडे ब्रुन-मस्का आणि चहा, आणि तिथून मणिभवन, मलबार हिलला साधी काळी-पिवळी. टॅक्सी सोडून द्यायची, परतताना दुसरी धरायची. थांबवून ठेवलेली गाडी नसली की फोनही नाही. हे पॅकेजपेक्षा महाग पडतं का, याचा नीट हिशोब मी केलेला नाही. आमच्या वेळी जरा स्वस्तच पडलं असावं.

मामा दिवाळीनंतर परत येतो म्हणालेत. गुडघा तसाच आहे, त्यामुळे त्यांना अडीच तास चालवणार नाही. या वेळी दादरहून मध्य रेल्वेची लोकल धरून त्यांना थेट सीएसएमटीला नेणार आहे. उतरलं की आपण इमारतीतच असतो, गाडी लावायचा प्रश्न नाही. बाहेर फुटपाथवर त्यांच्यासाठी घडीची खुर्ची घेऊन जाईन. त्या गाइड मुलीला विचारून ठेवलंय, तासाभरासाठी येशील का, एकाच जागी उभं राहून सांगायचंय. हो म्हणाली, फक्त पैसे पूर्ण फेरीचे घेईन म्हणाली.