वावळाच्या फुलोऱ्यावर संजीवकाची फवारणी: 5 पैकी 2 गुण

गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या आवारात वावळाची तीन जुनी झाडे आहेत. थंडी सरता सरता पाने गळतात, उघड्या फांद्यांवर बारीक फुलोरा येतो आणि वाऱ्यावर पराग उडू लागला की माझ्यासह अनेकांना शिंका व दम्याचा त्रास सुरू होतो. झाडे तोडण्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती मिळाली असती तरी आम्हाला तोडायची नव्हती. म्हणून फवारणीने फुलोरा गाळून देणाऱ्या एका स्थानिक सेवेला यंदा काम दिले.

कल्पना निराधार नाही. फवारायचे ते इथेफॉन हे संजीवक (वनस्पतीच्या वाढीवर परिणाम करणारे रसायन), म्हणजे डाळिंबाचा बहार धरताना पानगळीसाठी आपले शेतकरी वापरतात तेच. झाडात शिरल्यावर त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि फुले देठापासून गळतात. परदेशात शोभेच्या ऑलिव्हला फळ धरू नये म्हणूनही ते मारतात. संजीवक निवडताना मात्र चूक परवडत नाही. द्राक्षाचे मणी लांबवण्यासाठी ज्या जीएमध्ये (जिबरेलिक ॲसिड) आपण घड बुडवतो, त्याच जिबरेलिनाने जपानमधील सुगी वृक्षाला उलट नरफुले अधिक येतात, आणि सुगीचा पराग हाच तेथील ॲलर्जीचा मोठा उपद्रव आहे.

औषधाची निवड बरोबर होती. काम बिघडले ते हलगर्जीपणाने. कळ्या फुगत असताना यायला हवे होते, तर मंडळी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, गाड्यांच्या काचांवर पराग साचू लागल्यावर आली. बोअरच्या जड पाण्यात सकाळी नऊला औषध कालवले आणि पंप सुरू व्हायला बारा वाजले. इथेफॉन आम्लधर्मी पाण्यातच टिकते. सामू (पीएच) चढला, म्हणजे आम्लता घटली, की ते टाकीतच विघटित होते. सामू मोजला का, असे विचारल्यावर मिळालेले उत्तर ‘काका, काही फरक पडत नाही’ असे होते. द्राक्षबागेत मालकाने ती टाकी तिथेच ओतायला लावली असती.

एप्रिलमध्ये खालच्या फांद्यांवर चपट्या पापड्या, म्हणजे वावळाची फळे, तुरळक दिसल्या, शेंडे मात्र लगडले होते. फवारा कुठवर पोहोचला होता, हे त्यावरून कळले. माझा दम्याचा पंप काही सुटला नाही, अर्थात ओढ्याकाठच्या वावळांचा परागही येतच होता.

पुढील वर्षी कळीच्या वेळी, सामू मोजून आणि शिडीची गाडी आणून करणार असतील, तर एका झाडापुरते काम देईन. तिन्ही झाडांचे पैसे आगाऊ देणार नाही.