पितळी टेलपीस म्हणून जस्त विकलं, पोराचा डोळा थोडक्यात वाचला

दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो मी, शेती आहे, अन् कामातून वेळ मिळाला की डब्याच्या गिटारी बनवतो. माझ्यासारखे हौशी बनवणारे बरेच आहेत म्हणून हे लिहितोय, पूर्ण वाचा.

गिटार पुतण्यासाठी होती. जुन्या घराची सागवानी चौकट निघाली होती, तिचा दांडा केला, बिस्किटाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यातून आरपार काढला, अन् तीन तारा चढवल्या. गिटारच्या सेटमधली पाचवी, चौथी अन् तिसरी तार घ्यायची, जी-डी-जी सुरात लावायची. तारा खाली अडकवायला गोठ्याच्या दाराचा जुना लोखंडी कब्जा लावला होता. एक पान दांड्याच्या बुडाला स्क्रूनं पक्कं करायचं, दुसरं वर वाकवायचं, त्याच्या भोकातून तार ओवायची, तारेच्या टोकाचं पितळी बोंड मागं अडकून बसते. भोक मोठं असलं तर वायसर टाकायचा. भोकाची धार कानशीनं मारून घ्यायची नाहीतर तार तिथंच कापली जाते. अन् स्क्रू दांड्यातच गेला पाहिजे, पत्र्यात नाही, पत्रा उचकटून येतो. असा कब्जा चार महिने हलला नाही.

पण पोरगं शाळेच्या कार्यक्रमात वाजवणार होतं, म्हणे काका चमकणारं लावा नं, हे गंजलेलं दिसते. पोराचं मन मोडवेना. तेवढ्यात इन्स्टावर एक रील दिसली, होममेड गिटारसाठी सॉलिड पितळी टेलपीस, म्हणजे तारा खाली अडकवायची पट्टी, मिरजेच्या कारागिरांनी हातानं बनवलेला. मिरज म्हटलं की आपला विश्वास बसतोच, तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेलं मी वाचलं होतं. आता कळते की त्या माणसानं ते नाव मुद्दाम वापरलं, कोणत्या कारखान्यात बनवता हे मी दोनदा विचारलं तर त्यानं दोन्ही वेळा फक्त हात जोडलेला इमोजी पाठवला. तिथंच थांबायला पाहिजे होतं.

किंमत 1,450 रुपये, सीओडी नाही, आधी पैसे. पाठवले. चार दिवसांनी मेसेज, पार्सल हबवर अडकलं, इन्शुरन्सचे 620 भरा, डिलिव्हरी झाली की परत मिळतील. कापूस वेचणी चालू, मजुरांची मजुरी चुकवायची, डोकं त्यातच होतं, तेही भरून टाकले. हे 620 सगळ्यात जास्त टोचतात मले, कारण कोणतीच कुरिअर कंपनी विकणाऱ्याच्या पर्सनल नंबरवर पैसे मागत नाही, एवढं समजायला पाहिजे होतं.

पार्सल आलं, वस्तू दिसायला फार सुंदर, पिवळी धमक. मी कानस लावून पाहिली नाही. लावली असती तर तिथंच कळलं असतं, कारण पितळ आतपर्यंत पिवळंच असते अन् हे आतून राखाडी होतं. चुंबकावर भरवसा ठेवू नका, पितळालाही चुंबक लागत नाही अन् जस्तालाही नाही, त्यातून फक्त लोखंडावर मुलामा असला तेवढंच कळते. आडोशाच्या कडेला कानस मारणं हाच खरा उपाय.

नवव्या दिवशी संध्याकाळी पोरगं ओसरीत बसून तार सुरात आणत होतं. भोकांच्या रांगेवरूनच तुकडा मोडला. तिन्ही तारा एकदम सुटल्या अन् तुकड्यासकट त्याच्या कपाळावर आल्या. भुवईवर चिरलं, रक्त पाहून त्याच्या आजीनं जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. तालुक्याला नेलं, दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाले बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. त्या रात्री मी जेवलो नाही.

लोक म्हणतात तारच तर आहे. ॲकॉस्टिक लाईट सेटच्या या तीन तारा सुरात आल्या की मिळून 35 ते 40 किलोची ओढ असते. युरियाची गोणी 45 किलोची, त्याहून थोडीच कमी, अन् ती रात्रंदिवस त्या एवढ्याशा पट्टीवर. सहाही तारा लावल्या तर 70 किलोच्या वर जाते. जस्ताचा ओतीव माल सतत ओढीखाली हळूहळू सरकतो, अन् तुटताना वाकून इशारा देत नाही, कटकन मोडतो. लोखंडी कब्जा आधी वाकतो, तेव्हा माणसाला दिसते तरी. गावातल्या लोहारमामाले तुकडा दाखवला, त्यांनी नुसतं मोडलेल्या जागेवर नख फिरवलं अन् म्हणाले, "भाऊ, हे पितळ नोय, जस्त हाय, तेही भुसभुशीत."

मी विकणाऱ्याले फोटो पाठवले, पोराच्या टाक्यांचे पण. माफी नाही, विचारपूस नाही, लगेच रिफंडचा क्यूआर आला, स्कॅन करा अन् पिन टाका, 2,999 जमा होतील, नुकसानभरपाई धरून. मी स्कॅन केलाही होता. वहिनी बचत गटाचा हिशेब पाहतात, त्या मागंच उभ्या होत्या, "भाऊजी थांबा, पैसे घ्याले पिन कायले लागते जी?" बरोबर आहे, पैसे येताना यूपीआयला पिन लागतच नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. त्यांच्यामुळं वाचलो.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, 1930 ला फोन केला, तक्रार नोंदवली, मालाबद्दल दुसऱ्या दिवशी ग्राहक हेल्पलाईन 1915 वर पण. पैसे गेल्या गेल्या 1930 लावला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते, माझे मात्र तीन आठवडे उलटले होते. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा नंबर, चॅट सगळं ठेवलंय, तुमच्यापैकी कोणी अशा माणसाकडून घेतलं असेल तर चॅट डिलीट करू नका, अन् पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, माझ्याकडं तो नाही.

ज्यांच्या गिटारीवर असा पिवळा टेलपीस आत्ता बसलेला आहे त्यांनी आजच तारा सैल करा अन् मग कानस मारून पहा, तोवर लेकराच्या हातात देऊ नका. आमच्या गिटारीवर परत गोठ्याचाच कब्जा लावलाय, पण पोरगं अजून तार पिळताना तोंड बाजूला करते.