थ्रॉटल बॉडी क्लीनर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी गाडी पेट्रोलची आहे आणि तिचा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, केबलने उघडतो. ही झडप ज्या भागात बसते तो थ्रॉटल बॉडी. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की पेडल सुरुवातीलाच अडत असे आणि थोडा जोर दिला की एकदम सुटून गाडी धक्क्याने पुढे जात असे. यावर उपाय म्हणून थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे आणला. आता त्याला काही महिने झाले असल्याने त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल. स्प्रे चांगला आहे. मात्र तो फक्त एकाच दोषावर चालतो आणि आपल्या गाडीतला दोष तोच आहे का, हे डबा उघडण्याआधी पाहावे लागते.

पेडल अडण्याचे कारण पेडलच्या सांध्यात, केबलमध्ये किंवा थ्रॉटलच्या झडपेत असू शकते, आणि बसल्या जागी पायाला हा फरक कळत नाही. म्हणून इंजिन बंद करून, ते गार झाल्यावर, थ्रॉटल बॉडीवरील चाकातून केबलचे टोक सोडवले आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासल्या. केबल मोकळी सरकत होती, तिचे तारांचे पीळ टोकाशी सुटलेले नव्हते आणि आवरण कुठे दुमडलेले नव्हते. चाक हाताने फिरवल्यावर मात्र झडप पूर्ण बंद असतानाच घट्ट बसलेली जाणवली. तिथून सुटल्यावर ती शेवटपर्यंत सहज फिरली. ही खूण महत्त्वाची आहे. झडप केवळ बंद स्थितीत चिकटत असेल, तर तिच्या कडेभोवती साचलेला थर बहुधा कारणीभूत असतो. सगळ्या फेरीत ती सारखीच जड जात असेल, तर झडप ज्यावर फिरते तो दांडा किंवा केबल पाहावी. दाबलेले पेडल परतच येत नसेल, तर पायाखालची सरकलेली मॅट, उसवलेली केबल आणि परतीची स्प्रिंग आधी तपासावी. या शेवटच्या प्रकारात दोष निघेपर्यंत गाडी रस्त्यावर काढूच नये. चालत्या गाडीत थ्रॉटल उघडा राहिला, तर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा. तो पुन्हा पुन्हा सोडून दाबू नये, कारण उघड्या थ्रॉटलमुळे ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होत नाही आणि शिल्लक असलेला लवकर संपतो. चावी गाडी थांबल्यावरच फिरवावी.

सफाई फारशी अवघड नाही. हवेचा रबरी पाइप काढल्यावर झडपेच्या कडेला काळे, तेलकट कडे दिसले. स्प्रे कापडावर मारून आणि मऊ ब्रश वापरून झडपेच्या दोन्ही बाजू व आतली भिंत पुसली. स्प्रेची धार थेट सोडली, तर द्रव दांड्याच्या बेअरिंगमध्ये आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सरमध्ये उतरण्याचा धोका असतो. कार्ब्युरेटर क्लीनर यासाठी वापरू नये. काही थ्रॉटल बॉडींना कारखान्यातच आतून लेप दिलेला असतो आणि तीव्र द्रावणाने तो निघून जातो. ज्यांच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आहे, त्यांनी चावी चालू असताना आत बोट घालू नये आणि झडप बोटाने ढकलून उघडू नये, कारण तिच्यामागे छोटी मोटर आणि दाते असतात. झडप बंद होताना जिथे टेकते तो स्क्रू अनेकांना फिरवावासा वाटतो. त्याला हात लावू नये.

सफाईनंतर पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर आयडलिंगचे आरपीएम नेहमीपेक्षा चढे राहिले. साचलेल्या थरामुळे कमी पडणारी हवा ईसीयू (इंजिनचा संगणक) इतके दिवस भरून काढत होता, त्यामुळे असे होणे साहजिक होते. थोडे चालवल्यावर ते खाली आले. काही गाड्यांत मात्र त्यासाठी पुस्तिकेतील ठरावीक कृती करावी लागते.

पेडलचे अडणे त्याच दिवशी थांबले आणि गर्दीत गाडी हळू सोडणे पुन्हा सोपे झाले. डब्यावर मायलेज व पिकअप वाढण्याचे आश्वासन छापले आहे. मला दोन्हींत काहीच फरक जाणवला नाही, आणि झडप आधीही पूर्ण उघडत असल्याने तो जाणवण्याचे कारणही नव्हते. काही काळाने अडणे हलकेसे परत आले. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातली) तेलाची वाफ पुन्हा इंजिनातच ओढली जाते, तिच्यावर नियंत्रण ठेवणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून पाहिला, तर तो जाम झालेला होता. चांगला व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळतो. हा मुका होता. व्हॉल्व्ह जाम झाला की वाफ क्रँककेसला ताजी हवा देणाऱ्या नळीतून उलटी थ्रॉटलच्या पुढच्या बाजूला येते आणि तिचे तेल झडपेवर बसते. तो स्वस्त भाग बदलून पुन्हा सफाई केली, तेव्हापासून पेडल मोकळे आहे. स्प्रेइतकेच श्रेय या व्हॉल्व्हला द्यावे लागेल.

डब्याबद्दल तक्रार एवढीच की बारीक नळी तोंडात नीट बसत नाही आणि दाब दिल्यावर निसटते. वास उग्र आहे, द्रव पेट घेणारा आहे. हातमोजे आणि उघडी जागा हवीच. आता एअर फिल्टर बदलताना पाइप निघालेलाच असतो, तेव्हा कापडावर थोडा स्प्रे घेऊन झडपेची कड पुसतो, तेवढ्याने भागते.