छापील निकाहनामा: नोंदीला उत्तम, मुलीच्या हक्काला अपुरा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात निकाहाच्या वेळी भरला जाणारा छापील निकाहनामा आपल्याकडे कोणी नीट वाचत नाही. सह्या होतात, खजूर वाटले जातात आणि कागद कपाटात जातो. खरं तर मुस्लिम समाजात सुधारणा कुठून सुरू होऊ शकते याचं एक ठोस उत्तर याच कागदावर आहे. निकाह हा करार आहे आणि करारात अटी घालता येतात, हे कडव्यातला कडवा मौलवीही नाकारत नाही. म्हणून हा फॉर्म एखाद्या वस्तूसारखा तपासून पाहिला पाहिजे.

नोंदीपुरता तो चांगला आहे. नवरा-नवरी, वकील (म्हणजे कोर्टातला नव्हे, नवरीच्या वतीने बोलणारा), दोन साक्षीदार, महर (नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम किंवा वस्तू), काझींची सही-शिक्का, सगळं एका पानावर येतं. अडचण होते ती नावांची. मुल्ला, सनदी, जमादार ही आडनावं उर्दूत एक, आधारवर दुसरी आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरी पडतात. पुढे कोर्टात किंवा पासपोर्टला तेवढ्यावरूनच फाइल अडते. आधारवरचं स्पेलिंग समोर ठेवून तेच लिहायला सांगा. वयाच्या रकान्यात आकडा नको, जन्मतारीख हवी. मजकूर फक्त उर्दूत असेल तर त्याच दिवशी कन्नड किंवा इंग्रजी प्रतही भरून घ्या. भांडण कोर्टात गेल्यावर भाषांतर करून घेण्यात नाहक वेळ जातो.

महराच्या रकान्यात सवयीने 786 रुपये लिहिले जातात. हनफी या सुन्नी पंथाच्या मताप्रमाणे महर किमान 10 दिरहम, म्हणजे साधारण 30.6 ग्रॅम चांदी. आजच्या भावाने 786 रुपयांत तेवढी चांदी येत नाही, म्हणजे शरियतच्या हिशोबानेही ही रक्कम तोकडी आहे. सोनं द्यायचं असेल तर तोळे लिहू नका, ग्रॅम आणि कॅरेट लिहा. सराफ 10 ग्रॅमचा तोळा धरतो, जुना तोळा 11.66 ग्रॅमचा होता. महर रोख दिला की नंतर द्यायचा हे 'मुअज्जल' आणि 'मुवज्जल' या दोन शब्दांवर सोडू नका, घाईत एकाच्या जागी दुसरा सहज पडतो. 'आज दिला' किंवा 'मागेल तेव्हा देईन' असं सरळ लिहा. लग्नात चढवलेले दागिने महरात धरले की नाहीत, हेही तिथेच नोंदवा. तलाकानंतरचे अनेक वाद याच मुद्द्यावर अडतात.

आता खरी उणीव. अटींसाठी जेमतेम दोन ओळी, काही फॉर्ममध्ये तर तेवढीही जागा नाही. असली तरी तिथे आडवी रेघ मारली जाते. पाकिस्तानात 1961 च्या कौटुंबिक कायद्याखालच्या निकाहनाम्यात 18 वा रकाना खास यासाठीच आहे: नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला दिला आहे का? तिथेही निकाह लावणारे अनेकदा मुलीला न विचारता तो खोडून टाकतात. इराणमध्ये अटी छापूनच येतात आणि प्रत्येक अटीखाली नवऱ्याची वेगळी सही लागते. ही पद्धत मला जास्त पटते, कारण मुलीच्या बापाला भर मांडवात तोंड उघडावं लागत नाही. आपल्याकडे ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 2005 साली नमुना निकाहनामा काढला, पण तलाकचा हा अधिकार त्यात आला नाही. एका बैठकीत तीन तलाक द्यायचा नाही अशी अट निकाहनाम्यात घालायचा सल्ला काझी देतील, असं बोर्डाने 2017 साली सुप्रीम कोर्टात लिहून दिलं होतं. 2019 च्या कायद्याने तो तलाक गुन्हा ठरला, तरी टप्प्याटप्प्याने एकतर्फी तलाक देण्याचा नवऱ्याचा हक्क शाबूत आहे. बायकोला मात्र 1939 च्या कायद्याखाली कोर्टात जाऊन कारण सिद्ध करावं लागतं, उदाहरणार्थ दोन वर्षं खर्च न देणं.

तलाक-ए-तफवीज, म्हणजे नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोकडे सोपवणं, ही वाट म्हणूनच मोलाची आहे. अटीखाली बायकोला दिलेला हा अधिकार कलकत्ता हायकोर्टाने 1950 सालीच मान्य केला आहे. खुला, म्हणजे बायकोने मागून घेतलेला तलाक, घेताना बहुधा महर सोडावा लागतो, इथे तो बुडत नाही. फक्त शब्द चुकता कामा नयेत. मुदत लिहिली नाही, तर हनफी मताप्रमाणे हा अधिकार त्या बैठकीपुरताच उरतो, म्हणून 'जेव्हा हवं तेव्हा' हे शब्द हवेतच. दुसरं, अट मुलीच्या बाजूने इजाबातच (निकाहाच्या प्रस्तावातच) मांडायची आणि मुलाने ती कबूल करायची. मुलाने निकाहाआधी एकट्याने दिलेला अधिकार टिकत नाही, कारण तेव्हा तो नवरा झालेलाच नसतो. ते जमत नसेल तर कबुली झाल्याबरोबर सही घ्या. मजकूर असा चालेल: 'मी दुसरा निकाह केला, मारहाण केली किंवा सलग सहा महिने खर्च दिला नाही, तर बायकोला जेव्हा हवं तेव्हा स्वतःवर एक तलाक-ए-बाइन घेण्याचा अधिकार राहील, तो मी मागे घेणार नाही.' तलाक-ए-बाइन म्हणजे नवऱ्याला मागे फिरवता न येणारा तलाक. याउलट 'बायको कधी पोटगी मागणार नाही' असली अट कोर्टात टिकत नाही. ती दिसली की सही करू नका.

फॉर्ममध्ये जागा नसेल तर हाच मजकूर ई-स्टॅम्पवर घेऊन दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि निकाहनाम्यावर 'अटी वेगळ्या करारात' अशी ओळ टाका. ही ओळ राहिली तर तो कागद नंतर तयार केला असा आरोप होतो.

विवाह नोंदणी सब-रजिस्ट्रारकडेच करा. वक्फ बोर्डाला विवाह प्रमाणपत्र देण्याची मुभा देणाऱ्या 2023 च्या सरकारी आदेशाला कर्नाटक हायकोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्थगिती दिली, त्यामुळे त्या कागदावर विसंबून राहू नका.

पाचपैकी अडीच गुण. जमातीने (गावच्या मुस्लिम समाजाच्या संस्थेने) पुढची छपाई करताना अटींना अर्धं पान, प्रत्येक अटीपुढे सहीची जागा आणि मुलीच्या हातात त्याच दिवशी मूळ प्रत, एवढं केलं तर चार देता येतील. छपाईचा खर्च एका पानाने वाढेल, तेवढाच.